पियानो मागे राहतो

नागपुरात सूर शिकायला बसलेल्या पोराच्या पुढ्यात आधी पेटी येते. बिऱ्हाड हलवायचं झालं तर ती काखोटीला मारून नेता येते. फाळणीनंतर सिंधमधून उठून जरीपटक्यात वसलेल्या कुटुंबांनी ट्रंका आणल्या असतील, भांडीकुंडी आणली असतील. पियानो कोण आणणार? साधा उभा पियानोसुद्धा दोनशे किलोच्या घरात जातो.

म्हणजे घर सोडावं लागलेल्या माणसाचं हे वाद्यच नव्हे. तरीही युद्धाने उखडलेले युरोपातले संगीतकार पुन्हा पुन्हा एकट्या पियानोसाठीच लिहीत आले. त्याला वाद्यवृंद जमवावा लागत नाही, साथीदार शोधावा लागत नाही. सगळं दहा बोटांत मावतं. शिवाय वाद्य मागे राहिलं तरी कागद पिशवीत घालून नेता येतो.

सुरुवात पोलिश संगीतकार शोपॅंपासून करावी लागते. नोव्हेंबर 1830 मध्ये तो वॉर्सा सोडून निघाला आणि महिना संपायच्या आत तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला. पुढच्या सप्टेंबरात शहर पडल्याची बातमी आली तेव्हा तो श्टुटगार्टात होता. डावा हात सतत उसळत ठेवणारा त्याचा प्रसिद्ध ‘क्रांतिकारी’ एत्यूड (सरावासाठीची छोटी रचना) त्या रात्रीच लिहिला गेला, अशी कथा सांगतात. कथा छान आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही आणि ते नावही त्याने दिलेलं नाही. तो परत कधीच गेला नाही. 1849 मध्ये पॅरिसला वारला, आणि बहिणीने त्याचं हृदय तेवढं वॉर्साला नेलं. तिथे राहिलेला त्याचा पियानो 1863 मध्ये रशियन सैनिकांनी खिडकीतून रस्त्यावर फेकला.

पहिल्या महायुद्धात ट्रक चालवणाऱ्या फ्रेंच संगीतकार रावेलने सहा तुकड्यांची एक मालिका लिहिली. प्रत्येक तुकडा युद्धात गेलेल्या ओळखीच्यांच्या नावे, आणि संगीत मात्र नाचरं. सोव्हिएत संगीतकार प्रोकोफिएव्हचे तीन ‘युद्ध सोनाटा’ (सोनाटा म्हणजे बहुधा अनेक भागांची मोठी रचना; हे त्याचे सहावा, सातवा आणि आठवा) याच्या अगदी उलट. 1943 मध्ये पियानोवादक रिख्टरने प्रथम वाजवलेल्या सातव्याचा शेवट तर सात मात्रांच्या चालीत हातोडा मारल्यासारखा. आपल्या रूपक तालाच्या सात मात्रा डोक्यात ठेवून ऐकू नका, फसाल.

ज्यू संगीतकार व्हिक्टर उलमानपाशी मात्र थांबावंच लागतं. तेरेझीनच्या नाझी छळछावणीत कैद्यांना वाजवायला मिळाला तो पाय नसलेला जुना पियानो. तिथे उलमानने आपले पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन सोनाटा लिहिले. सातव्यावर तारीख आहे 22 ऑगस्ट 1944, आणि तो त्याने आपल्या मुलांना अर्पण केला आहे. शेवटच्या भागात एका हिब्रू गाण्यावर विस्तार आहे; त्यात जुनं चेक युद्धगीत आणि जर्मन प्रार्थनागीतही गुंफलेलं. ऑक्टोबरात त्याला ऑशविट्झला नेऊन मारलं. वह्या तेरेझीनमध्येच सोपवून गेला होता, म्हणून राहिल्या.

आपल्या कानाला इथे एक गोष्ट टोचते. शोक म्हटला की आपल्याला सूर वाकवत नेणारा गळा हवा, आणि पियानोला मींड नाही. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीला बाहेर ठेवलं, त्यामागेही हाच आक्षेप होता. पण पियानोत एक वेगळी सोय आहे: पट्टी दाबली की सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून विझायला लागतो. पेटीत भाता चालू असेतो तसं होत नाही.

युक्रेनचा संगीतकार व्हालेंतिन सिल्व्हेस्त्रोव्ह या विझण्यावरच लिहितो. मार्च 2022 मध्ये, 84 व्या वर्षी, युद्धामुळे कीव्ह सोडून तो बर्लिनला पोचला आणि तिथे पियानोसाठी लहान रचना लिहू लागला. सीताबर्डीत कानाला हेडफोन लावून त्या ऐकून पाहिल्या. गाड्यांच्या आवाजात काहीच लागलं नाही. रात्री, पंखा बंद करूनच ऐकाव्या लागतात. नागपूरच्या मे महिन्यात हे फार मोठं मागणं आहे.