झवेरी बाजारातली गलाई: तेजाबाच्या धुरामागचा इतिहास

काळबादेवी-भुलेश्वरच्या गल्ल्यांमधल्या धुराड्यांविरुद्ध रहिवासी तक्रारी करतात, महापालिका नोटिसा काढते, अधूनमधून कारवाईही होते. गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करण्याच्या, भट्ट्या मात्र झवेरी बाजार सोडत नाहीत. त्याची कारणं जुनी आहेत.

मोडीत आलेल्या 22 कॅरटच्या दागिन्यात सोनं असतं 91.6 टक्के. बाकी चांदी, तांबं आणि सांधे जोडायच्या डागाची भेसळ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शिसं घालून सोनं शुद्ध करण्याची रीत आहे. शिसं हिणकस धातू ओढून घेतं, पण चांदी सोन्याला सोडत नाही. ती काढायला जगभर पूर्वी मिठाच्या पुटात सोनं बराच काळ तापवत. तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, हाती आल्यावर हे काम सोपं झालं.

त्यातही एक गोम आहे. सोन्याचं प्रमाण जास्त असेल तर तेजाब आतपर्यंत पोचतच नाही. म्हणून शुद्ध करायच्या सोन्यात आधी चांदी वाढवायची, जुन्या हिशेबाने एक भाग सोन्याला तीन भाग. मुशीत टाकणखार (बोरॅक्स) टाकून रस एकजीव झाला की तो पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि तेजाबात उकळायचे. तांबूस धूर उठतो तो इथे. तो नायट्रोजन डायऑक्साइड. चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी तपकिरी गाळ उरतो. नवखा माणूस तो मोरीत ओतून मोकळा होईल! तोच धुऊन, वाळवून वितळवला की पिवळी लगड. द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदीही परत मिळते. कारागिरांच्या बैठकीची धूळसुद्धा वाया जात नाही, झारेकरी ती विकत घेऊन धुतात.

याहून सफाईदार रीती दीडशे वर्षांपूर्वीच निघाल्या. सिडनीच्या टांकसाळीत मिलरने 1867 मध्ये वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन सोडून भेसळ काढली. हॅम्बुर्गमध्ये वोलविलने 1874 मध्ये विजेच्या साहाय्याने 99.99 टक्क्यांपर्यंत मजल मारली. मुंबईला मोठ्या कामाची ओळख नव्हती असंही नाही, फोर्टातल्या टांकसाळीत 1918 साली सॉव्हरिन ही सोन्याची नाणी पाडली गेली. पण वोलविलच्या टाकीत बरंच सोनं दिवसेंदिवस अडकून पडतं. पेढीवरच्या सराफाला मूठभर मोडीची लगड संध्याकाळपर्यंत हवी असते. मला वाटतं, तेजाब टिकलं ते अडाणीपणामुळे नव्हे, या घाईमुळे.

आणि ते चालवणारे हात मिळाले सांगलीकडून. विटा, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. तिथली माणसं गलाई शिकून केरळ-बंगालपर्यंत पोचली. मुंबई तर त्यांना घरचीच.

सरकारने मध्ये बराच लगाम घातला. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणाने नव्या दागिन्यांना 14 कॅरटची मर्यादा घातली आणि सोनारांचे हाल झाले. 1968 च्या कायद्याने सामान्य माणसाला लगड बाळगायचीही बंदी केली. तो 1990 मध्ये रद्द झाला. 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आहे, तेव्हा 22 कॅरटच्या नव्या दागिन्याचा टंच, म्हणजे हजार भागांतलं सोनं, 916 भरलाच पाहिजे. वेगवेगळ्या कसाची मोड तशीच घडणावळीला घेणं त्यामुळे सराफाला परवडत नाही. आधी ती गलाईवाल्याकडे जाते.