कडकपणा किती मागावा?

हीट ट्रीटमेंटसाठी जॉब पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक
कुपवाड एमआयडीसी, सांगली

गळीत हंगाम जवळ आला की ट्रॉलीच्या पिना, शाफ्ट, उसाच्या कटरची पाती आमच्याकडे ढिगाने येतात. सोबतच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एवढंच असतं : ‘फुल कडक करा.’ कृपया असं लिहू नका. पूर्ण कडक केलेलं पोलाद कसं वागतं हे बघायचं असेल, तर जुनी कानस फरशीवर आपटा. वाकणार नाही, तुकडे होतील. कानशीला ते चालतं, तिला फक्त झीज सोसायची असते. भरलेली ट्रॉली खड्ड्यातून ओढणाऱ्या पिनेला धक्के खायचे असतात, तिथे 28 ते 32 एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणा मोजायचं माप) पुरे. 55 मागितलेत तर पिन झिजायची नाही हे खरं, पण एक दिवस न वाकता थेट तुटेल.

भट्टीत होतं ते असं. ईएन 8 या ग्रेडच्या पोलादात सुमारे 0.4 टक्के कार्बन असतो. 850 अंशांच्या आसपास तो लोखंडात विरघळतो. लगेच पाण्यात किंवा तेलात बुडवलं की त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो आतच अडकतो. लोहार याला पाणी देणं म्हणतात, आम्ही हार्डनिंग. पोलाद कडक होतं ते या अडकलेल्या कार्बनमुळे आणि ठिसूळही त्याच्यामुळेच. म्हणून टेंपरिंग : जॉब पुन्हा, पण कमी तापवायचा, म्हणजे कार्बन बारीक कार्बाइडच्या कणांच्या रूपात बाहेर येतो. हे कण सुरुवातीला काही नॅनोमीटरचेच असतात, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेव्हा ‘नॅनो’ कोटिंगच्या बाटल्या विकायला कुणी आलं तर घाई करू नका. टायटॅनियम नायट्राइडचं काही मायक्रॉन जाडीचं कोटिंग कटिंग टूलवर खरंच उत्तम चालतं, पण खालचं पोलाद मऊ असेल तर वरचा पापुद्रा दाबाखाली फुटतो.

टेंपरिंग जितकं गरम, तितका कडकपणा उतरतो आणि चिवटपणा वाढतो, हा ढोबळ नियम. ईएन 24 या ग्रेडचं पोलाद त्याला अपवाद आहे. 250 ते 400 अंशांच्या पट्ट्यात त्याचा कडकपणा उतरतो, पण चिवटपणा वाढायच्या ऐवजी घटतो. म्हणून ईएन 24 ला कुणी 48 एचआरसी, म्हणजे याच पट्ट्यातलं टेंपरिंग, मागितलं की आम्ही आधी फोन करतो.

‘जरा जास्त तापवा’ हीसुद्धा नेहमीची मागणी. तापमान वाढवलं की पोलाद ज्यांचं बनलेलं असतं ते स्फटिक, म्हणजे ग्रेन, मोठे होतात. ग्रेन जितके बारीक तितकी ताकद जास्त, हे हॉल आणि पेच या शास्त्रज्ञांनी 1951 ते 1953 च्या दरम्यान दाखवलं. ग्रेन बारीक ठेवणं हा ताकद आणि चिवटपणा दोन्ही एकदम मिळवायचा फार थोड्या मार्गांपैकी एक आहे. तो आम्ही भट्टीत जाळणार नाही.

माइल्ड स्टीलचा जॉब कितीही वेळा बुडवला तरी म्हणावा तसा कडक होत नाही, कार्बनच कमी. वरून कडक आणि आतून चिवट हवं असेल तर 20 एमएनसीआर 5 या ग्रेडचं पोलाद वापरून कार्बुरायझिंग, म्हणजे फक्त वरच्या थरात कार्बन मुरवणं, करून घ्या. गिअरसाठी आमचा सल्ला हाच. बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे, जॉब हार्डनिंगला आम्ही घेत नाही. किर्लोस्करवाडी 1910 साली वसली तेव्हापासून सांगली जिल्ह्याला हे बीड ओळखीचं आहे, पण तेलात पडलं की ते तडकण्याची भीती फार.

ड्रॉइंगबद्दल एकच आग्रह : चावीच्या खाचेचे आणि पायरीचे कोपरे धारदार ठेवू नका, थोडी गोलाई द्या. तडा तिथूनच सुरू होतो. हार्डनिंगमध्ये जॉब फुगतो, वाकतो, म्हणून ग्राइंडिंगला माप राखून ठेवा. आणि कडक झालेल्या जॉबवर नंतर वेल्डिंग केलंत, तर तो पुन्हा आमच्याकडे घेऊन येऊ नका.

चिठ्ठीवर ग्रेड, कुठल्या भागाला किती एचआरसी आणि जॉब कशासाठी वापरणार, हे लिहा. ग्रेड माहीत नसेल तर त्याच बारचा छोटा तुकडा सोबत द्या. आधी तो भट्टीत जाईल, मग तुमचा जॉब.