सार्कोफॅगस आणि कॉफिन: ममीच्या दोन पेट्या, एकच समजू नका

इजिप्तच्या वस्तूंचे फोटो कुणी टाकले की खाली हमखास "ममीची पेटी" एवढंच लिहिलेलं असतं, मग ती दगडाची असो नाहीतर लाकडाची. पण दगडी सार्कोफॅगस वेगळा, त्याच्या आत जाणारं कॉफिन वेगळं, आणि पुढे दोघांचं जे झालं ते तर फारच वेगळं.

ममी थेट जिच्यात ठेवायचे ते कॉफिन, बहुतेक वेळा लाकडाचं, वर रंगवलेला चेहरा. मोठ्या लोकांची एकात एक अशी दोन-तीन असायची. तुतनखामेन राजाची तीन होती, बाहेरची दोन लाकडाची, सोन्याच्या पत्र्याने मढवलेली, आणि सगळ्यात आतलं अख्खं सोन्याचं, ११० किलोच्या आसपास! ही तिन्ही क्वार्टझाइट दगडाच्या ज्या भल्यामोठ्या पेटीत होती तो सार्कोफॅगस, आणि तो अजून थडग्यातच आहे. हा प्रकार हलवायचा म्हणून बनवतच नसत. खुफू राजाच्या पिरॅमिडमधला ग्रॅनाइटचा सार्कोफॅगस तर वर जाणाऱ्या बोळापेक्षा रुंद आहे, म्हणजे वरचं बांधकाम व्हायच्या आधीच तो तिथे ठेवलेला.

आता इजिप्तचा राजा पहिला सेती, त्याचं बघा, मला हे उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. १८१७ मध्ये बेल्झोनी या इटालियन शोधकाने त्याचं थडगं उघडलं तेव्हा सार्कोफॅगस रिकामा. ब्रिटिश म्युझियमने किंमत जास्त म्हणून नाही म्हटलं, मग १८२४ मध्ये जॉन सोन या आर्किटेक्टने तो २,००० पौंडांना घेतला आणि तो आजही लंडनला त्याच्याच घरात आहे, जे आता म्युझियम आहे. दगड इतका पातळ कोरलाय की आत दिवा ठेवला तर उजेड बाहेर झिरपतो, आतबाहेर बारीक आकृत्या, त्यांच्यात एकेकाळी निळा रंग भरलेला, आणि तळाला नूत, म्हणजे आकाशाची देवी. गंमत म्हणजे याचा आकारही माणसासारखाच, त्यामुळे नुसत्या आकारावरून ओळखायला गेलात तर फसाल, आधी दगड की लाकूड ते बघा.

आणि सेती स्वतः? तो १८८१ मध्ये लक्झरसमोरच्या देर अल-बहारीजवळच्या एका लपवलेल्या खोल भुयारात सापडला, बाकीच्या राजांबरोबर, लाकडी कॉफिनमध्ये. चोऱ्या वाढल्या म्हणून पुजाऱ्यांनी ममी तिथे हलवल्या होत्या. कॉफिनवरचं सोनं खरवडून काढलेलं, वर पांढरा लेप, आणि छातीवर काळ्या शाईत पुजाऱ्यांनी चक्क नोंदी लिहिल्यात, राजाला कधी, कुठून कुठे नेलं त्याच्या. तीन हजार वर्षांपूर्वीचं हे हस्ताक्षर मला कुठल्याही सोन्यापेक्षा मोलाचं वाटतं, पण लोक ते न बघताच पुढे जातात.

२०२१ मध्ये कैरोत राजांच्या ममींची मिरवणूक निघाली त्यात सेतीही होता, आता तो तिथल्या नॅशनल म्युझियम ऑफ इजिप्शियन सिव्हिलायझेशनमध्ये आहे. माझं स्पष्ट मत आहे की पेटी नुसती मांडून भागत नाही, तिच्यातला माणूस आणि त्याची दुसरी पेटी आज कुठे आहे हेही लेबलवर लिहिलंच पाहिजे.