रोजच्या रस्तेप्रवासात स्मार्टफोनचा वापर (मराठवाडा)

मराठवाड्यात दुचाकी, एसटी, काळी-पिवळी किंवा टेम्पोने रोज ये-जा करणारे लोक रस्त्याची खबर घेण्या-देण्यासाठी फोनवरचा नकाशा, व्हॉट्सॲप गट आणि तक्रारीची ॲप वापरतात. यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे पडत नाही.

नकाशावरचे रहदारीचे रंग त्या रस्त्यावरून जाणाऱ्या फोनांच्या वेगावरून ठरतात. धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगरमार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५२ वर वाहने भरपूर, म्हणून ते बऱ्यापैकी खरे ठरतात. आडरस्त्यांवर अनेकदा रंगच दिसत नाही. याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा नव्हे, माहितीच नाही असा आहे. नळकांडी पुलावरून ओढा वाहत असला तरी नकाशा तोच जवळचा रस्ता सुचवू शकतो. कधी पाणंदीवरही नेऊन घालतो, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पिंपळगाव, वडगाव अशी नावे ठिकठिकाणी असल्याने गाव शोधताना तालुका आणि जिल्हाही टाकावा.

ही उणीव गावोगावचे व्हॉट्सॲप गट भरून काढतात. उपयोगी निरोपात चार गोष्टी असतात: जवळचा फाटा किंवा पूल, कोणत्या बाजूने येताना अडचण आहे, पाहिल्याची वेळ आणि कोणते वाहन निघते. उदाहरणार्थ, ‘सेलूहून पाथरीकडे येताना फाट्यापुढच्या पुलावर गुडघाभर पाणी, सकाळी ७.४०, ट्रॅक्टर जातो, मोटारसायकल नाही.’ नुसता ‘रस्ता बंद’ हा निरोप निरुपयोगी. पावसाळ्यात जुन्या पुराचे व्हिडिओ पुन्हा फिरतात, म्हणून फॉरवर्डची खूण दिसली की कोणी, कधी पाहिले ते विचारावे. पाणी उतरल्याचे मात्र फारसे कोणी कळवत नाही आणि लोक उगाच लांबून वळसा घालतात.

उसाच्या हंगामात बिना रिफ्लेक्टरची, बंद पडलेली ट्रॉली रात्री सर्वांत घातक; तिचे लोकेशन गटावर लगेच टाकणे हा या गटांचा सर्वांत मोलाचा उपयोग. नवरात्रात तुळजापूरकडे पायी निघालेल्या भाविकांसाठी वाहतूक वळवली जाते, तेव्हा फिरणाऱ्या सूचनापत्रावरची तारीख आधी पाहावी.

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येते. घाटात रेंज गेली की ठिपका जागीच थांबतो. घरच्यांनी घाबरण्याआधी तो शेवटचा कधी बदलला ते पाहावे.

खड्ड्याच्या तक्रारीआधी रस्ता कोणाचा ते फलकावर बघावे. ‘मेरी सडक’ हे २०१५ मध्ये आलेले ॲप प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठी आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आहे. लोकेशन चालू ठेवून फोटो काढावा. तो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर त्यातली ठिकाणाची नोंद निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. अपघात झाल्यास गटावर लिहिण्याआधी ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा.

वाहन चालवताना फोन हातात धरणे मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे. नकाशावर रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, सूट आहे. दुचाकीच्या हँडलवर लावलेला फोन मे महिन्याच्या उन्हात तापून स्क्रीन अंधूक होते, कधी बंदही पडतो. त्यामुळे नकाशा ऑफलाइन उतरवून वळणाचे फाटे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावेत. ऑफलाइन नकाशात ताजी रहदारी दिसत नाही.