घरगुती हस्तकाम

घरातल्या घरात, साध्या अवजारांनी आणि हाताशी असलेल्या किंवा स्वस्तात मिळणाऱ्या साहित्यातून वापराच्या व सजावटीच्या वस्तू बनवण्याला घरगुती हस्तकाम म्हणतात. शुभेच्छापत्रे, पाकिटे, भेटवस्तूंच्या डब्या, कागदी फुले, पताका, लोकरीचे गोंडे, मेणबत्त्या, चिंध्यांच्या पिशव्या अशा अनेक वस्तू त्यात मोडतात. पिढीजात कारागिरीला लागते तशी वर्षानुवर्षांची उमेदवारी इथे लागत नाही. कात्री, पट्टी, सुई-दोरा आणि गोंद एवढ्यावर काम सुरू होते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग या कामासाठी रूढ आहे. त्यातला टिकाऊपणा मात्र आपोआप येत नाही. साहित्य स्वस्त असले तरी त्याचा स्वभाव असतो, आणि तो ओळखून केलेली वस्तूच सुबक होते व टिकते.

हातांनी वस्तू घडवणे माणसाइतकेच जुने. पण कोणालाही परवडेल असे कागदकाम तुलनेने अलीकडचे आहे. कागदाच्या शोधाचे श्रेय परंपरेने चीनमधील त्साय लून याला (इ.स. १०५) दिले जाते. त्यानंतर कित्येक शतके एकेक ताव हातानेच काढला जाई. १७९९ मध्ये फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याला सलग कागद बनवणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले आणि १८४० च्या दशकात जर्मनीत फ्रीड्रिख केलर याने लाकूड दळून लगदा काढण्याची रीत शोधली. पुढे कागद इतका स्वस्त झाला की मुलांच्या हाती खेळायला देता यावा. फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८४० मध्ये ज्या बालशिक्षणसंस्थेला ‘किंडरगार्टन’ असे नाव दिले, तिथल्या मुलांच्या उद्योगांत कागदाच्या घड्या, कातरकाम आणि रंगीत पट्ट्यांचे विणकाम होते. फिनलंडने १८६६ मध्ये हस्तकाम प्राथमिक शाळांचा सक्तीचा विषय केला.

शुभेच्छापत्राचा इतिहास उलट्या दिशेने गेला. लंडनमध्ये हेन्री कोल याने १८४३ मध्ये नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र छापून घेतले, ते हाताने पत्रे लिहिण्याचा वेळ वाचावा म्हणून. आज हातांनी बनवलेल्या पत्राला किंमत आहे ती नेमकी त्यात घातलेल्या वेळाची.

कागद : कागद लांबीत आणि रुंदीत सारखाच दिसतो, पण तसा नसतो. यंत्रावर लगदा एकाच दिशेने वाहत असल्याने बहुतेक तंतू त्याच दिशेला लांबीने पडतात. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी सरळ आणि स्वच्छ बसते. तंतूंना आडवी घातलेली घडी जाड कागदावर खरबरीत होते, फुटते. दिशा ओळखायची सोपी रीत म्हणजे कागद न मोडता आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने अलगद वाकवून पाहायचा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या वळणाच्या रेषेतच घडीही बसेल. तेवढ्याने कळले नाही, तर कोपऱ्याचा छोटा चौकोन एका बाजूने ओला करावा. तो तंतूंच्या दिशेच्या अक्षाभोवती गुंडाळत जातो.

याचा उपयोग शुभेच्छापत्रात लगेच दिसतो. ए४ आकाराचा जाड कागद २१० × २९७ मिलिमीटर असतो. तंतू लांब बाजूने धावत असतील आणि कागद मधोमध दुमडून एकच मोठे पत्र केले, तर घडी तंतूंना आडवी येते. तोच कागद आधी मधोमध कापून दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा दुमडला, तर घडी तंतूंच्या दिशेने पडते. शिवाय एका तावात दोन पत्रे होतात. दुमडलेले पत्र १०५ × १४८ मिलिमीटरचे भरते आणि ११४ × १६२ मिलिमीटरच्या प्रमाणित पाकिटात बसते. दुमडण्याआधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनाने चर पाडावा, मग घडीवरून चमच्याची पाठ फिरवावी. पत्र सुबक दिसते ते बरेचसे या दोन मिनिटांमुळे. वर चिकटवलेल्या टिकल्या आणि चमकीमुळे नव्हे.

कातरकामातले सहा टोकांचे नक्षीफूल बहुतेकांचे चुकते, कारण कागद तीनदा निम्मा दुमडला की आठ भागांचे फूल होते. सहा टोके हवी असतील तर चौकोनी कागद कर्णावर दुमडून त्रिकोण करावा, त्याच्या लांब पायाचा मध्यबिंदू धरून दोन्ही बाजू एकमेकींवर आणाव्यात म्हणजे ६० अंशांचे तीन समान भाग होतात, आणि ती घडी पुन्हा निम्मी करावी. बारा पदरी, ३० अंशांची निमुळती घडी हाती येते. कात्री स्थिर ठेवून कागद फिरवला तर वळणे गुळगुळीत येतात.

गोंद आणि खळ : मैद्याची खळ हा सर्वांत स्वस्त गोंद. एक भाग मैदा सुमारे पाच भाग थंड पाण्यात गाठी मोडून कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळावा. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातला स्टार्च फुगू लागतो, दुधट पाणी दाट आणि किंचित पारदर्शक होते. खळ ताजीच वापरावी. तिला बुरशी लवकर येते आणि किडेही लागतात. बाजारातला पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे पाण्यातले मिश्रण. हे रसायन १९१२ मध्ये जर्मनीत फ्रिट्स क्लाटे याने शोधले. त्यातले पाणी उडाले की पांढरेपणा जाऊन पारदर्शक थर उरतो.

दोन्हींत पाणी असते आणि तिथेच घोटाळा होतो. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, वाळताना आखडतो आणि ज्या पुठ्ठ्यावर चिकटवला त्याला ओढून धनुष्यासारखा वाकवतो. घरी केलेल्या डब्यांची झाकणे वाकडी होतात ती यामुळेच. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही तसाच कागद त्याच दिशेने चिकटवला की दोन्ही ओढी एकमेकींना तोलतात. मग रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवावे.

लगदाकामात कागदाच्या पट्ट्या कापू नयेत, फाडाव्यात; फाटलेल्या कडेचे मोकळे तंतू शेजारच्या पट्टीत मिसळतात आणि सांधा दिसत नाही. फुगवलेल्या फुग्यावर खळीत भिजवलेल्या पट्ट्यांचे तीन-चार थर दिले की वाडगा होतो. प्रत्येक थर वाळू द्यावा, नाहीतर आत ओल राहून बुरशी धरते.

कापड, लोकर, मेण : पताकांसाठी विणलेले कापड नागमोडी कात्रीने कापले की धागे कमी सुटतात, नमदा (लोकर दाबून केलेले जाड कापड) विणलेला नसतो, म्हणून त्याची कड शिवायला लागत नाही. लोकरीच्या गोंड्यासाठी पुठ्ठ्याच्या दोन कड्या एकावर एक ठेवून त्यांवर लोकर भरपूर गुंडाळतात, बाहेरच्या कडेने कापतात आणि दोन कड्यांमध्ये दोरा घालून करकचून बांधतात. मेण थेट जाळावर कधीही ठेवू नये. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. पेटलेल्या मेणावर पाणी टाकल्यास भडका उडतो, म्हणून झाकण जवळ असावे. कागदी कंदिलात ज्योतीऐवजी सेलवरचा दिवा ठेवावा.

समारंभासाठी एकसारख्या तीस-चाळीस वस्तू हव्या असतात तेव्हा आधी एक नमुना पुरा करून पाहावा, मग सगळे कापणे, सगळ्या घड्या, सगळे चिकटवणे असे टप्प्याटप्प्याने करावे. प्रत्येक टप्प्यात हात बसत जातो, आणि वाळण्याचा वेळही वाया जात नाही.

वर्तमानपत्राचा कागद साच्यासाठी आणि आतल्या थरांसाठी उत्तम, पण जपून ठेवायच्या वस्तूवर तो वरचा थर म्हणून लावू नये. लाकूड दळून केलेल्या लगद्यात लिग्निन (लाकडातले तंतू जोडून ठेवणारे द्रव्य) राहते आणि उजेडात व हवेत ते पिवळे पडून कागद ठिसूळ होतो. अशी वस्तू सुती चिंध्यांच्या किंवा आम्लविरहित कागदाची करावी आणि उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवावी.