बेळगावची मतदानाची रांग: मागची गोष्ट

बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ. मतदानाच्या दिवशी इथल्या शाळांसमोर सात वाजायच्या आधीच माणसे येऊन उभी राहतात. एप्रिल-मेचे ऊन चढायच्या आत मत टाकून मोकळे व्हावे, असा प्रत्येकाचा हिशेब असतो. सगळ्यांचा हिशेब एकच असल्यामुळे सकाळची रांग लांबते, दुपारी केंद्र ओस पडते आणि संध्याकाळी पुन्हा गर्दी होते. हे देशभर असेच चालते. सीमाभागात मात्र रांगेला आणखीही काही कारणे आहेत आणि ती एका दिवसात तयार झालेली नाहीत.

आधी साधे गणित पाहू. सकाळी सात ते संध्याकाळी सहा म्हणजे अकरा तास, ३९,६०० सेकंद. एका केंद्रावर १५०० मतदार धरले आणि सगळे आले, तर माणशी साडेसव्वीस सेकंदही मिळत नाहीत. निवडणूक आयोगाने कोविडच्या काळात केंद्रावरच्या मतदारांची मर्यादा १००० वर आणली होती आणि २०२५ मध्ये १२०० ठरवली. म्हणजे माणशी ३३ सेकंद. एवढ्या वेळात यादीत नाव शोधायचे, ते मोठ्याने वाचायचे, बोटाला शाई लावायची, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि मतही व्हायचे. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेले ते दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. १२०० मतदारांची नुसती ती सात-सात सेकंदे मोजली तरी दोन तास वीस मिनिटे होतात. सगळे मतदार येत नाहीत म्हणूनच हे निभते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, इथल्या मराठी माणसाने पहिल्यांदा म्हैसूरच्या विधानसभेसाठी मत दिले. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह, आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत एकच मतपत्रिका आणि तिच्यावर खूण, ही रीत आली. बोटाला लागणारी शाईही तेव्हापासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातली. इकडच्या माणसाला ‘म्हैसूर’ या शब्दाने काय काय आठवते ते सांगायला नको.

सीमावाद सोडवायला महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, अहवाल १९६७ मध्ये आला आणि बेळगाव शहर होते तिथेच राहिले. महाराष्ट्राने तो मानला नाही. मोर्चे झाले, सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली, काही जिवाला मुकली. निकाल मात्र लागेना. तेव्हा सीमावासीयांनी मतपत्रिकाच हातात घेतली. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत बेळगाव शहर मतदारसंघात ३०१ उमेदवार उभे होते. १९९६ च्या लोकसभेला तर ४५६. बेळगाव महाराष्ट्रात यावे म्हणून झगडणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या या लढ्यात अर्ज भरणाऱ्याला आपण खासदार होणार नाही हे पक्के ठाऊक होते. दिल्लीने एकदा तरी वळून बघावे, एवढ्यासाठी त्याने नाव दिले. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडात फ्लोराइडच्या पाण्याने गांजलेल्यांमुळे ४८० आणि तमिळनाडूतल्या मोडकुरिची विधानसभेला शेतकऱ्यांमुळे १,०३३ उमेदवार होते. तिन्ही ठिकाणी बोलायची दुसरी जागा उरली नव्हती, असेच मला वाटते.

४५६ नावे म्हणजे ४५६ वेगवेगळी चिन्हे. कारण दोघांना एकच चिन्ह देता येत नाही. तो एवढा मोठा कागद उलगडायचा, त्यातून आपले चिन्ह शोधायचे, शिक्का मारायचा, मग शाई दुसरीकडे उमटणार नाही अशी घडी घालायची. ज्याला अक्षरओळख नाही त्याने हे किती वेळात करायचे? रांग हलत नाही म्हणून मागचा माणूस पुढच्यावर चिडतो, पण पुढच्याचा काय दोष? ती दिरंगाई हाच निषेध होता आणि तो सोसायला आपलीच म्हातारी माणसे उन्हात उभी होती. हे मान्य केल्याशिवाय त्या लढ्याबद्दल बोलणे अपुरे राहील.

सरकारने उत्तर दिले ते अनामत रकमेतून. लोकसभेची अनामत ५०० रुपये होती, ती १०,००० झाली. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करणारे मतदार, लागू लागले. पुढे २०१० पासून रक्कम २५,००० झाली. १९९६ मध्ये ४५६ जणांना मिळून फार तर २ लाख २८ हजार रुपये पडले असतील. आजच्या दराने तेच १ कोटी १४ लाख होतात. सीमाप्रश्न तसाच राहिला, उभे राहणे तेवढे महाग झाले.

२००४ मध्ये महाराष्ट्र सीमाप्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच वर्षी लोकसभेचे मतदान सर्वत्र यंत्रावर झाले. यंत्राच्या एका पाटीवर सोळा बटणे आणि जुन्या यंत्राला जास्तीत जास्त चार पाट्या जोडता येत. २०१९ ला बेळगाव लोकसभेत ५७ उमेदवार होते. बहुतेक अपक्ष, आणि त्यांत समितीच्या कार्यकर्त्यांचा भरणा. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ धरून ५८ बटणे, म्हणजे चारही पाट्या लागल्या. मान्यताप्राप्त पक्षांची नावे आधी येतात, अपक्षांची शेवटी. म्हणून मराठी मतदाराला आपला माणूस शोधायला दुसऱ्या, तिसऱ्या पाटीपर्यंत जावे लागे. चष्मा घरी विसरलेल्याचे हाल विचारू नका. २०२१ च्या पोटनिवडणुकीत समितीने एकच उमेदवार दिला आणि त्याला एक लाखाहून अधिक मते पडली. मला ही वाट जास्त पटते. मतही दिसते आणि रांगही चालते.

उमेदवारांची यादी आखूड झाली तरी एक अडथळा उरतोच, आणि तो केंद्रात शिरताच पहिल्या टेबलावर असतो. तिथला अधिकारी मतदाराचे नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे तिथे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना ओळख पटावी. आपण जाधव, चव्हाण म्हणताना ज आणि च दातांशी उच्चारतो. कन्नडमध्ये तो उच्चार नाही, आणि शब्दाच्या शेवटचा अकारही पूर्ण वाजतो. धारवाड-विजापूरकडून आलेला अधिकारी त्याच्या जिभेप्रमाणे वाचतो, त्यात त्याचे काही चुकत नाही. पण माझी आजी एकदा स्वतःचे नाव दोनदा पुकारले जाऊनही गप्प उभी राहिली होती, कारण ते तिचेच आहे हे तिला कळलेच नाही. मराठीतून कन्नडमध्ये आणि तिथून पुन्हा मराठीत गेलेल्या नावात एखादी वेलांटी बदलते, आडनाव अर्धे होते, मग ओळखपत्राशी ताडून बघण्यात मिनिटे जातात. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे राज्य पुनर्रचनेनंतर केंद्र आणि राज्यांनी मिळून ठरवलेले आहे. मराठीत कागद द्या, ही इथली जुनी मागणी त्यावरच उभी आहे. ती मान्य झाली तर पहिल्या टेबलावरचा वेळ निश्चित वाचेल.

खानापूरकडे रांगेपेक्षा चाल मोठी. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवरून येणाऱ्याचा निम्मा वेळ वाटेतच जातो. शिवाय तालुका बेळगाव जिल्ह्यात आणि खासदार उत्तर कन्नडचा, हे नव्या मतदाराला दर वेळी समजावून द्यावे लागते. उचगाव हा मराठीबहुल विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत गेला, तेव्हाही कुठल्या मतदारसंघात आणि कुठल्या शाळेत जायचे याचा असाच घोळ झाला होता.

सहा वाजता जे रांगेत असतील त्या सर्वांना मत देता येते. शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटतात, म्हणजे मागून कोणी घुसू नये. आजी त्या दिवशी अशाच चिठ्ठीवर आत गेली होती. नाव तिसऱ्यांदा पुकारले तेव्हा टेबलामागे बसलेला एका पक्षाचा प्रतिनिधी, आमच्याच गल्लीतला कन्नड मुलगा, उठून म्हणाला, “अज्जी, तुम्हालाच बोलावतायत.”