याशिका इलेक्ट्रो ३५

याशिका इलेक्ट्रो ३५ हा जपानच्या याशिका कंपनीने १९६६ मध्ये आणलेला ३५ मिमी फिल्मचा रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा) कॅमेरा. लेन्स बदलता येत नाही, ४५ मिमी एफ १.७ ची (म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी) याशिनॉन लेन्स कायमची बसवलेली, आणि ती खरंच भारी आहे.

याला सर्रास "पहिला इलेक्ट्रॉनिक कॅमेरा" म्हणतात, पण ते जपून घ्यायला हवं. पोलरॉइडच्या ऑटोमॅटिक १०० मॉडेलला १९६३ मध्येच इलेक्ट्रॉनिक शटर होतं, आणि खुद्द याशिकाचा इलेक्ट्रो हाफसुद्धा याच सुमाराचा. म्हणून हे पहिलेपण ३५ मिमी रेंजफाइंडरपुरतंच मानावं असं काहीजण म्हणतात, तेच जास्त पटतं.

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, आपण लावायचं, शटरची वेळ कॅमेरा ठरवतो. आत उजेड मोजणारा सीडीएस सेल आहे, उजेड जास्त असला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि कपॅसिटर लवकर चार्ज होतो, तो चार्ज झाला की इलेक्ट्रोमॅग्नेट शटर सोडून देतो आणि ते बंद होतं, त्यामुळे १/५०० सेकंदापासून कित्येक सेकंदांपर्यंत मधली कुठलीही वेळ मिळते. पिवळा दिवा लागला तर शटर संथ, हात हलणार. लाल लागला तर उजेड जास्त, ॲपर्चर बारीक करा. बॅटरी नसेल तर शटर १/५०० वरच चालतं.

पुढे साधारण १९६८ पासून जी, जीएस, जीटी अशी मॉडेलं आली, १९७३ च्या जीएसएनला हॉट शू (फ्लॅश थेट वर बसवायची खाच) मिळाला.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणाच्या कपाटात हा सापडलाच तर आधी लेन्स उजेडाकडे धरून बघा, खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात काचेवर बुरशी लवकर धरते. मग बॅटरीचं झाकण उघडा, आत हिरवट गंज असेल तर तो आधी साफ करावा लागतो. मूळची ५.६ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी आता बनत नाही, ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते, फक्त ती आखूड असल्याने मागे स्प्रिंग लागते. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना "टक्" असा आवाज यायला हवा, नाही आला तर आतला रबरी पॅड झिजलाय आणि शटरच्या वेळेचा भरवसा नाही. हे सगळं ठीक निघालं तर बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रीसुद्धा एफ १.७ वर, आयएसओ चारशेची, कमी उजेडात चालणारी फिल्म घालून, फ्लॅशशिवाय काम होतं, पिवळा दिवा लागलाच तर कोपर खांबाला टेकवून श्वास रोखून बटण दाबायचं.